शाळेचं आवार संध्याकाळी उघडताय? या चुका टाळा

सांगली जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत जिल्हा परिषदेची शाळा सुटली की गेटला कुलूप लागतं. आत मैदान मोकळं आणि पोरं रस्त्यावर खेळतात. म्हणून आवार उघडायचं कुणी मनावर घेतलं की मला आनंदच होतो. पण चुका त्याच त्याच होतात.

सगळ्यात वाईट चूक तोंडी परवानगीची. "गुरुजी हो म्हणालेत" एवढ्यावर सगळं सुरू होतं. तासगाव तालुक्यातल्या एका गावात संध्याकाळचा खो-खो आणि अभ्यासिका झकास चालली होती. उन्हाळ्यात मुख्याध्यापकांची बदली झाली. नव्या बाईंनी विचारलं, कागद कुठाय? कागद नव्हताच. त्यात एका वर्गातल्या पंख्याची पाती वाकलेली निघाली आणि कुणी वाकवली ते कुणालाच सांगता येईना. बाईंनी किल्ली मागून घेतली. लोक त्यांच्यावर चिडले, पण मला बाईंचंच पटलं; शाळेच्या सामानाचा जाब शेवटी त्यांनाच द्यावा लागतो.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानंच किमान 75 टक्के पालक असतात. तिथं ठराव घ्या: वेळ, खोल्या, किल्ली कुणाकडे, मोडतोड कोण भरून देणार, वीजबिलात वाटा कुणाचा. प्रत ग्रामपंचायतीला द्या. मी तर किल्लीसाठी वेगळी वहीच ठेवायला लावतो. घेताना सही, देताना सही. "एवढं कशाला?" म्हणणारेच पुढं भांडतात.

दुसरी चूक, मैदान उघडं आणि स्वच्छतागृहाला कुलूप. मुलगे कसंही निभावतात. मुली आठवड्याभरात यायच्या थांबतात, आणि मग "मुलींना आवडच नाही" असं बोललं जातं. याचा मला संताप येतो. आधी पाणी, कडी, दिवा बघा, मग शिट्टी वाजवा.

पहिल्याच आठवड्यात कराटे, संगणक, नाच सगळं सुरू करू नका. एकच खेळ वर्षभर चालवून दाखवा.

वेळ गावानं मिळून ठरवा. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात 2022 मध्ये संध्याकाळी सातचा भोंगा आणि पुढं दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, हे सगळ्या गावानं मिळून ठरवलं होतं.

मोठ्यांचं क्रिकेट लहानांच्या वेळेत नको.

आणि सगळा भार एकाच माणसावर टाकू नका. द्राक्षांची काढणी सुरू झाली की तो बागेत अडकतो आणि गेट बंद राहतं. तिघांची पाळी लावा, त्यात एक तरी आई असू दे.