कंपनीच्या ऑफरमधला फोन घेताय? सीमाभागात या चुका टाळा

जांबोटीच्या पुढं आमच्या मामांचं गाव आहे. दिवाळीला त्यांना पहिला स्मार्टफोन घेऊन द्यायचा म्हणून मी बेळगावात एका मोबाईल कंपनीच्या दुकानात गेलो. सिमसोबत मिळणारी पाच-सहा मॉडेलं तिथं मांडून ठेवली होती. कॅमेरा, बॅटरी, रॅम आणि कुठल्यावर कॅशबॅक जास्त, एवढं सगळं मी कागदावर लिहून पडताळलं. दुकानात रेंज फुल होती. फोन घेतला, गावाला नेऊन दिला. चौथ्या दिवशी मामांचा फोन आला, "फोन चांगला हाय रे, पण बोलायचं म्हटलं की गोठ्याच्या पलीकडं जायला लागतंय. पाऊस लागला की काय करू?"

पुढच्या रविवारी दुसऱ्या कंपनीचं सिम घेऊन गेलो आणि त्याच फोनात घातलं. माजघरात बसून बोलता यायला लागलं. फोनात काही खोट नव्हती, पण कॅशबॅक पहिल्या कंपनीच्या रिचार्जला बांधलेला होता. तो सोडून द्यावा लागला.

माझ्या कागदावर सगळं होतं, फक्त मामांचं माजघर नव्हतं. खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात फोन घेणाऱ्या प्रत्येकाला मी आता आधी हेच विचारतो, की फोन बघताना घरात कुठल्या कंपनीची रेंज येते ते बघितलंय का?

चूक पहिली: रेंज दुकानात बघणं

खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत उभं राहिलं की सगळ्याच कंपन्यांची रेंज चांगली दिसते. खानापूरच्या जंगलपट्ट्यात, कणकुंबीकडं, डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांत तसं नसतं. कारण लहरींच्या फ्रिक्वेन्सीत आहे. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, झाडीतून आणि मातीच्या जाड भिंतीतून आत शिरतात. २३०० आणि ३३०० मेगाहर्ट्झवर वेग जास्त मिळतो, पण त्या लहरी लवकर थकतात, भिंतीशी अडतात.

जिओचं ४जी ८५०, १८०० आणि २३०० वर चालतं, म्हणजे बँड ५, ३ आणि ४० (बँड म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याचा ठरलेला नंबर). एअरटेल आणि व्हीआयकडं (व्होडाफोन आयडिया) लांब पोचणारा पट्टा ९०० चा, म्हणजे बँड ८. बीएसएनएलचं स्वदेशी ४जी २७ सप्टेंबर २०२५ ला देशभरासाठी सुरू झालं. ते ७०० आणि २१०० वर चालतं, म्हणजे बँड २८ आणि १. आता फोनात ते बँड असायला नकोत का? स्वस्तातल्या आणि जुन्या काही फोनांत बँड २८ नसतो. असा फोन घेऊन कोणी बीएसएनएलचं ४जी सिम घातलं आणि जवळच्या टॉवरवर फक्त ७०० असेल, तर दोष ना सिमचा ना टॉवरचा. मॉडेलचं पूर्ण नाव घालून फोन बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर बँडची यादी बघता येते. पाच मिनिटांचं काम आहे. सीमाभागात दोन फोनांची तुलना करताना मी मेगापिक्सेलच्या आधी ही यादी बघतो.

घरची रेंज बघायला नवा फोन लागत नाही. शेजारी, पाहुणे, दूधवाला, ज्याच्याकडं त्या कंपनीचं सिम असेल त्याला घरात बोलवा. स्वयंपाकघरात, आतल्या खोलीत, रात्री आणि पावसात बघा. रेंजच्या दांड्यांवर जाऊ नका, प्रत्येक फोन त्या आपल्या हिशोबानं दाखवतो. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये 'फोनविषयी' आणि त्यात सिमची माहिती उघडली की सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलचा जोर मोजायच्या मापात, दिसतो. उणे ९० च्या आसपास असेल तर निर्धास्त. उणे ११० च्या खाली गेला की बोलणं तुटायला लागतं. कंपन्या आपल्या संकेतस्थळांवर कव्हरेजचे नकाशेही देतात. तेही बघा, पण नकाशात तुमची भिंत नसते.

घरात फायबरचं वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग असलेला फोन घ्या. रेंज नसलेल्या खोलीतूनही साधा कॉल लागतो. जिओवर आणखी एक ध्यानात ठेवा. त्यांचं २जी-३जी नाहीच, त्यामुळं जुन्या फोनात व्होल्टी, म्हणजे ४जीवरून बोलायची सोय, नसेल तर साधा कॉलसुद्धा होत नाही.

चूक दुसरी: सेटिंगचा दोष फोनवर ढकलणं

हे आपल्याकडचं खास दुखणं आहे आणि त्यापायी चांगले फोन परत गेलेले मी बघितलेत.

हिंडलगा, सुळगा, उचगाव करत बाचीकडं चला. बाचीच्या पुढं शिनोळी, म्हणजे चंदगड तालुका, महाराष्ट्र. कुद्रेमनीलाही तेच, निपाणीकडून कोगनोळी ओलांडून कागलला जातानाही तेच. मोबाईलच्या जगात कर्नाटक हे एक सर्कल, म्हणजे सेवेचा एक विभाग, आणि महाराष्ट्र-गोवा हे दुसरं. आपल्याला शेताचा बांध दिसतो, फोनाला दोन सर्कल दिसतात. पलीकडचा टॉवर जवळ असला की फोन तिकडं चिकटतो. घरात बसल्या बसल्या तुमचा फोन महाराष्ट्रात जातो.

मग काय होतं? काही फोनांवर रेंजशेजारी रोमिंगचं आर हे अक्षर उमटतं आणि नेट बंद पडतं. कॉल लागतात, व्हॉट्सअ‍ॅप हलत नाही. माणूस म्हणतो, नवा फोन बिघडला. शेजारच्याचं त्याच कंपनीचं सिम, पण दुसरा फोन, आणि त्याचं नेट जोरात चालू. मग संशय पक्का होतो आणि फोन दुकानात परत.

खरं तर शेजाऱ्याच्या फोनात डेटा रोमिंग, म्हणजे दुसऱ्या सर्कलच्या टॉवरवरून नेट वापरायची मुभा, चालू असतं, तुमच्यात बंद. सेटिंगमध्ये मोबाईल नेटवर्क उघडा, सिम निवडा, 'डेटा रोमिंग' चालू करा. आजच्या नेहमीच्या प्लॅनमध्ये देशातल्या देशात रोमिंगचे वेगळे पैसे लागत नाहीत. जुन्या दिवसांची धास्ती आहे म्हणून लोक ते बटण दाबत नाहीत. परदेशात जाताना मात्र ते आठवणीनं बंद करा, तिथं बिल खरंच येतं.

कधी फोन लांबच्या, कमजोर टॉवरला धरून बसतो. विमान मोड चालू करून दहा सेकंदांनी बंद केला की बहुतेक वेळा सुटतो. नेटवर्क हातानं निवडलं असेल तर काम झाल्यावर परत 'आपोआप' वर ठेवा. नाहीतर बेळगावात आल्यावरही तो ते जुनंच शोधत राहील आणि बॅटरी दुपारपर्यंत संपेल.

चूक तिसरी: ऑफरचा आकडा म्हणजे किंमत समजणं

खरी उदाहरणं घेतो, कारण हिशोब त्यातूनच कळतो.

ऑक्टोबर २०२१ मध्ये एअरटेलनं साधारण १२,००० रुपयांपर्यंतच्या स्मार्टफोनवर ६,००० रुपये कॅशबॅक जाहीर केला. ऐकायला निम्म्या किमतीत फोन. अट अशी, की ३६ महिने सलग २४९ किंवा त्यावरचा रिचार्ज करायचा. १८ महिन्यांनी २,००० मिळणार आणि ३६ महिन्यांनी उरलेले ४,०००. आता २८ दिवसांचा रिचार्ज म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा. ही तेरावी खेप आपल्या हिशोबात कधीच येत नाही. २४९ गुणिले १३ गुणिले ३ म्हणजे ९,७११ रुपये. आणि पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर २०२१ मध्ये, दर वाढले. २४९ चा प्लॅन २९९ चा झाला. त्या दरानं तीन वर्षांचे ११,६६१ होतात. रिचार्ज आपण तसाही करतोच, हे मान्य. पण शेतात काम नसलेल्या दिवसांत, एखाद्या महिन्यात रिचार्ज पुढं ढकलणाऱ्या घरात सलग ३६ महिन्यांची अट पाळली जाणार का, हा प्रश्न फोन घेण्याआधी विचारायचा.

त्याच वर्षी नोव्हेंबरला जिओफोन नेक्स्ट आला. रोख किंमत ६,४९९. हप्त्यानं घेतला तर आधी १,९९९, वर प्रक्रिया शुल्क ५०१, आणि सगळ्यात लहान प्लॅनवर महिन्याला ३०० असे २४ महिने. बेरीज ९,७००. त्यात फोन आणि रिचार्ज दोन्ही आले, म्हणून महाग म्हणता येत नाही. पण त्या ३०० मध्ये महिन्याला ५ जीबी आणि १०० मिनिटं बोलणं होतं. दिवसाला सव्वातीन मिनिटं. मुंबई-पुण्यात मुलं असलेल्या आईला ती पुरतील का?

म्हणून कागदावर दोन ओळी लिहा. पहिल्या ओळीत फोन रोखीनं घेतला आणि स्वतःला हवा तो रिचार्ज केला, तर दोन वर्षांचे किती. दुसऱ्या ओळीत ऑफरसकट किती, प्रक्रिया शुल्क धरून. कॅशबॅक रोख मिळणार की रिचार्जच्या कूपनांत, तेही विचारा. कूपनं असतील तर ती किमतीतून वजा करू नका.

हप्त्याच्या फोनाचं आणखी एक आहे. काही फायनान्सवाले फोनात लॉकचं ॲप घालतात. हप्ता चुकला की फोन बंद. करार वाचून मगच सही करा. कागद इंग्रजीत असेल तर घरातल्या शिकलेल्या पोराला सोबत न्या, त्यात कमीपणा काही नाही.

चूक चौथी: ५जी लिहिलंय म्हणून जास्त पैसे मोजणं

५जी बेळगाव शहरात आहे म्हणून तुमच्या वाडीवर असेलच असं नाही. असेल तरी जिओचं ५जी वेगळ्या पद्धतीचं, पूर्ण स्वतंत्र आहे आणि ते एन२८ व एन७८ या पट्ट्यांवर, म्हणजे ७०० आणि ३३०० मेगाहर्ट्झवर, चालतं. एअरटेलनं सुरुवात ४जीच्या आधारानं चालणाऱ्या ५जीनं केली. फोनात दोन्ही पद्धती असाव्यात आणि एन२८ असावाच, कारण गावाकडं तोच लांब येतो.

रिचार्जचाही विचार करा. ३ जुलै २०२४ ला दोन्ही कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हापासून अमर्याद ५जी रोज २ जीबी किंवा त्याहून वरच्या प्लॅनवर आलं. कमी डेटाचा स्वस्त प्लॅन वापरणाऱ्याला ५जी फोनाचा तो फायदा मिळत नाही. चार-पाच वर्षं फोन ठेवायचा असेल तर ५जी घ्या, मी तेच सांगेन. दोन वर्षांत बदलणार असाल आणि वाडीवर ५जी नसेल, तर तेच पैसे जास्त रॅम आणि मोठ्या बॅटरीवर घाला. पावसाळ्यात लाईट गेली की त्याची किंमत कळते.

चूक पाचवी: फोन कुठल्या सिमला बांधलाय ते न विचारणं

आपल्याकडं विकले जाणारे बहुतेक फोन कुठलंही सिम घेतात. अपवाद दोन. एक, जिओभारतसारखे कमी किमतीचे फोन, जे जिओच्याच सिमवर चालतात. ते ४जी आहेत, पण स्मार्टफोन नव्हेत. घरात जिओची रेंज नसेल तर घेतलेला तो फोन पूर्ण वाया.

दुसरा, अमेरिकेतून पाहुण्यानं आणलेला फोन. तिकडं कंपन्या करारावर फोन देतात आणि करार संपेपर्यंत तो त्यांच्याच सिमला बांधलेला असतो. आयफोन असेल तर सेटिंगमध्ये 'जनरल', मग 'अबाउट' उघडा. तिथं सिमचं बंधन नाही असं लिहिलेलं हवं. आणि २०२२ च्या आयफोन १४ पासून अमेरिकेतल्या मॉडेलांना सिम घालायची जागाच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनातच बसवलेलं सिम. भाचीनं प्रेमानं आणलेला फोन घेऊन सिमचा खण शोधत बसलेले काका मी बघितलेत. पाहुणा विमानात बसायच्या आधीच हे विचारून घ्यावं.

बारीकसारीक, पण महागात पडणाऱ्या

गोव्यात किंवा कोल्हापुरात फोन स्वस्त मिळतो ही समजूत अजून आहे. पेट्रोलचं तसं असेल, फोनचं नाही. १ एप्रिल २०२० पासून मोबाईलवर देशभर १८ टक्के जीएसटी आहे, आणि बेळगावच्या दुकानातही तेवढाच. पक्कं बिल घ्या, त्यावर आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनाचा वेगळा असणारा ओळख नंबर, असावा. डबा उघडायच्या आधी उत्पादनाचा महिना वाचा. ऑफरमध्ये पडून राहिलेला दीड वर्षाचा माल खपवला जातो, आणि त्याची सॉफ्टवेअर अपडेटची मुदत तेवढी संपलेली असते. जुना फोन घेत असाल तर *#०६# दाबून आयएमईआय घ्या आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो चोरीचा म्हणून बंद केलेला नाही ना, ते पडताळा.

भाषेचं मला मनापासून सांगायचंय. ग्रामपंचायतीची नोटीस, जमिनीचा उतारा, बँकेचं पत्र, सगळं कानडीत येतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ते वाचता येत नाही आणि दुसऱ्याच्या दारात जावं लागतं. कागदावर कॅमेरा धरून मराठीत भाषांतर दाखवणारी ॲपं आज फुकट आहेत. भाषांतर अचूक असतं असं नाही, पण कागद कशाबद्दल आहे आणि तारीख कोणती, एवढं कळतं. फोन निवडताना दुकानातच एक कानडी कागद खिशातून काढा आणि हे करून बघा. बारीक अक्षर धूसर दिसलं किंवा ॲप उघडायला फोन अडखळला, तर तो फोन त्या घरासाठी नाही. मेगापिक्सेलचा आकडा काहीही असो.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची असेल तर

रेंजसाठी नवा नंबर घ्यायची गरज नाही. बँक, आधार, रेशन सगळं त्या नंबराला जोडलेलं असतं. पोर्ट हा इंग्रजी शब्द, मग जागा सोडून आपला नंबर, असा संदेश १९०० वर पाठवा. नव्या कंपनीला द्यायचा कोड उत्तरात येतो, तो चार दिवस चालतो. सर्कलमधल्या सर्कलमध्ये तीन कामाचे दिवस लागतात, दुसऱ्या सर्कलचं असेल तर पाच. ३ जुलै २०१५ पासून नंबर न बदलता सर्कलही बदलता येतं, म्हणजे चंदगडला लग्न होऊन गेलेल्या मुलीला बेळगावचा नंबर सोडावा लागत नाही. त्या कंपनीवर ९० दिवस झालेले हवेत, आणि सिम हरवून नवं घेतलं असेल तर सात दिवस थांबावं लागतं.

जुन्या कंपनीच्या ऑफरचे पैसे यायचे असतील तर पोर्टचा संदेश पाठवण्याआधी त्यांना फोन करून विचारा. मामांच्या वेळी मी ते विचारलं नाही, आधी सिम बदललं.