परावर्तनाची सूत्रं वापरताना या चुका टाळा

परावर्तनाची सूत्रं इतकी आखूड असतात की पाठ झाली म्हणजे कळली असं वाटतं. त्यातला कोन कुठून मोजायचा, अक्षर लहान की मोठं, हे मात्र सूत्रात लिहिलेलं नसतं. रिपोर्ट तपासताना त्याच त्या चुका समोर येतात आणि बहुतेकांचं मूळ इथेच सापडतं.

टू थीटालाच थीटा समजणं

एक विद्यार्थी सिलिकॉनच्या पावडरचा एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) पॅटर्न घेऊन आला. पहिलं पीक २८.४४ अंशांवर, म्हणजे कॉपरच्या १.५४०६ अँगस्ट्रॉम तरंगलांबीला जिथे यायला हवं तिथेच. पण त्याने काढलेलं डी, म्हणजे स्फटिकातल्या प्रतलांमधलं अंतर, होतं १.६२ अँगस्ट्रॉम, यायला हवं ३.१४. त्यावरून युनिट सेलची (स्फटिकात पुन्हापुन्हा येणाऱ्या घनाची) बाजू निघाली २.८०, आणि सिलिकॉनची आहे ५.४३. त्याने आधी मशीनला दोष दिला. मग पावडर अशुद्ध असेल म्हणून दुसरी घेतली, दळली, पुन्हा पॅटर्न काढला. पीक जागचं हललं नाही, आकडाही हलला नाही. शेवटी मी त्याला एक्सेल शीट उघडायला लावली. अंशांचे रेडियन केलेले होते, पण साइनच्या कंसात २८.४४ अख्खेच बसले होते.

डिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे हा पॅटर्न काढणारं मशीन, आडव्या अक्षावर टू थीटा देतो, कारण डिटेक्टर मूळ किरणाच्या दिशेपासून तेवढा वळलेला असतो. कोनावरून डी काढणाऱ्या ब्रॅगच्या सूत्राला त्याच्या निम्मा कोन लागतो, १४.२२ अंश. शीट कुणाकडून तरी घेतलेली होती. निम्मं करण्याचा कॉलम त्यात वेगळा होता आणि ‘जास्तीचा दिसतो’ म्हणून या पठ्ठ्याने तो उडवला होता! उसन्या शीटचा मला राग येत नाही. ती न वाचता वापरण्याचा येतो.

नवी शीट असो की कोड, मी आधी सिलिकॉनचं हेच पीक त्यात घालतो. ३.१४ आलं तरच स्वतःचा नमुना. पीकच्या रुंदीवरून स्फटिककणांचा आकार काढणाऱ्या शेररच्या सूत्रातही हाच निम्मा थीटा लागतो, आणि पीकची रुंदी रेडियनमध्ये.

आणखी एक गोंधळ इथेच होतो. ब्रॅगचा थीटा स्फटिकाच्या प्रतलापासून मोजतात, तर प्रकाशशास्त्रातला आपतन कोन स्तंभिकेपासून, म्हणजे पृष्ठभागावरच्या लंबापासून. काचेचा ब्रूस्टर कोन (ज्या कोनाला एका ध्रुवणाच्या प्रकाशाचं परावर्तन शून्य होतं) ५६.३ अंश आहे. तो पृष्ठभागापासून मोजलात तर खरा आपतन कोन ३३.७ होतो, आणि मग ‘परावर्तन शून्य का होत नाही’ म्हणत पोलरायझर फिरवत बसावं लागतं.

लहान आर, मोठा आर आणि हरवलेला प्रकाश

पृष्ठभागावर किती प्रकाश परततो आणि किती आत जातो ते काढायची फ्रेनेलची समीकरणं आयाम (तरंगाची उंची) देतात, तीव्रता नाही. हवेतून १.५ अपवर्तनांकाच्या काचेवर प्रकाश सरळ पडला तर लहान आर (परावर्तित आयामाचं प्रमाण) ०.२ येतो (चिन्ह कोणत्या पुस्तकाची पद्धत धरता त्यावर). त्याचा वर्ग केला की ०.०४, म्हणजे ४ टक्के परावर्तन, हा मोठा आर. इथवर बहुतेक जण नीट येतात. मग पारगमनासाठीही तेच करतात: लहान टी (आत गेलेल्या आयामाचं प्रमाण) ०.८, वर्ग ०.६४. बेरीज ०.६८. उरलेले ३२ टक्के कुठे गेले? ‘काचेने शोषले’ असं सरळ लिहून मोकळे झालेले रिपोर्ट मी पाहिले आहेत. स्वच्छ काच दृश्य प्रकाशाचा तिसरा हिस्सा गिळते, हे लिहिताना हात थांबायला हवा होता.

काचेत तीव्रता मोजताना अपवर्तनांकाचा गुणक येतो: ०.६४ गुणिले १.५ म्हणजे ०.९६. आता बेरीज बरोबर १. प्रकाश तिरका असेल तर दोन्ही कोनांच्या कोसाइनचं गुणोत्तरही जोडावं लागतं. बेरीज १ येईपर्यंत पुढची ओळ लिहायची नाही, हा माझा नियम आहे, आणि घाईतल्या मुलांना तो अजिबात आवडत नाही. धातूला मात्र हे जसंच्या तसं लावू नका, तिथे अपवर्तनांक संमिश्र संख्या असतो.

बाकीच्या, थोडक्यात

अँटी-रिफ्लेक्शन कोटिंगची जाडी लॅम्डा (तरंगलांबी) भागिले ४ नव्हे, त्यालाही कोटिंगच्या अपवर्तनांकाने भागायचं. मॅग्नेशियम फ्लोराइडला (१.३८) ५५० नॅनोमीटरसाठी ती सुमारे १०० नॅनोमीटर येते.

सदिशाचं परावर्तन काढताना स्तंभिका एकक लांबीची हवी. (१, −१) हा सदिश (०, २) स्तंभिकेवर तसाच चालवला तर उत्तर (१, ७) येतं. खरं उत्तर (१, १). परावर्तनाने लांबी बदलत नाही, एवढं तपासलं तरी चूक लगेच पकडली जाते.

गॅमा फलन म्हणजे फॅक्टोरियलचं पूर्णांकांपलीकडे नेलेलं रूप. त्याच्या परावर्तन सूत्रात (गॅमा झेड गुणिले गॅमा (१ वजा झेड) बरोबर पाय भागिले साइन (पाय झेड)) १ वजा झेडच्या जागी नुसतं वजा झेड लिहितात. झेड अर्धा ठेवून पाहा: बरोबर सूत्रात गुणाकार पाय येतो, चुकीच्यात उणे दोन पाय. झेड पूर्णांक असेल तर सूत्र वापरूच नका, छेदातला साइन शून्य होतो. आणि लॉग-गॅमा देणारी बरीच फंक्शन निरपेक्ष किमतीचा लॉग देतात, तेव्हा ऋण झेडसाठी चिन्ह वेगळं काढून ठेवा: उणे अर्ध्याला गॅमा ऋण असतो, उणे दीडला धन.