दुबईत आर्थिक व्यवहारासाठी अरबी-इंग्रजी दुभाषी निवडताना

नागपूरहून दुबईत नव्याने आलेल्या मंडळींना सुरुवातीला दुभाष्याची गरजच जाणवत नाही, कारण बाजारात हिंदी चालते आणि बँकेत इंग्रजी. अडचण येते ती भागीदारी, कर्ज किंवा थकबाकीचे कागद पुढ्यात आल्यावर. येथील मुख्य न्यायालयांचे कामकाज सर्वसाधारणपणे अरबीत चालते, त्यामुळे द्विभाषिक करारावर वाद झालाच, तर तेथे अरबी मजकूर प्रमाण धरला जातो. डीआयएफसी या वित्तीय क्षेत्राची न्यायालये मात्र इंग्रजीत चालतात. तेव्हा वाद कोणत्या न्यायालयात जाईल, हे करारात आधी पाहावे. दुभाष्यावर आणि अनुवादावर किती खर्च करायचा, हे त्यावरच ठरते.

लेखी अनुवाद आणि बैठकीतील दुभाषण ही दोन वेगळी कामे आहेत. न्यायालयात किंवा सरकारी कार्यालयात द्यायचा अनुवाद न्याय मंत्रालयाकडे नोंदणी असलेल्या कायदेशीर अनुवादकाच्या शिक्क्यानिशी लागतो. कोपऱ्यावरच्या टायपिंग सेंटरमध्ये अर्ज भरून मिळतात, पण करार तेथे नेऊ नये.

बैठकीसाठी आपला दुभाषी आपणच नेमावा. समोरच्या पक्षाचा माणूस कितीही सज्जन असला, तरी कळमन्याच्या बाजारात घेणाऱ्याच्या हमालाहाती कोणी आपला काटा सोपवत नाही. कंपनीच्या पीआरओवरही, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतली कामे करून आणणाऱ्या माणसावरही, भिस्त ठेवू नये. व्हिसाची कामे तो चोख करतो, पण ताळेबंद हा त्याचा प्रांत नव्हे. मोमीनपुऱ्यातला किंवा कामठीचा, मदरशात अरबी शिकलेला ओळखीचा तरुण सोबत आणावा, असेही अनेकांच्या मनात येते. अशा तरुणाचे व्याकरण बहुधा माझ्या ओळखीच्या पुष्कळ व्यावसायिकांपेक्षा पक्के असते, परंतु घसारा, तारण आणि येणी यांची अरबी त्याला स्वतंत्रपणे शिकावी लागते.

निवडीपूर्वी छोटी परीक्षा जरूर घ्यावी. आपलाच जुना ताळेबंद समोर ठेवून त्यातील चार ओळी अरबीत सांगायला लावाव्यात आणि अरबी जाणणाऱ्या दुसऱ्या कोणाकडून त्या तपासून घ्याव्यात. मग मुराबहा म्हणजे काय, हे विचारावे. त्यात बँक माल स्वतः विकत घेते आणि ठरलेला, उघड सांगितलेला नफा चढवून तो आपल्याला हप्त्यांनी विकते. जो दुभाषी त्या नफ्याला सरळ व्याज म्हणतो, त्याला इस्लामी बँकेच्या टेबलावर नेऊ नये, कारण व्याज तेथे निषिद्ध आहे आणि बोलणी त्याच एका शब्दावर अडू शकतात. समोरचा पक्ष कोणत्या देशाचा आहे, हेही आधीच सांगून ठेवावे. इजिप्तच्या बोलीत मुरलेला माणूस मोरोक्कोच्या व्यापाऱ्यापुढे अडखळू शकतो.

गोपनीयतेचा करार करून कागदपत्रे दुभाष्याला निदान दोन दिवस आधी द्यावीत. बोलण्याबरोबरच भाषांतर हवे असेल, तर दोघे लागतात. साधारण अर्ध्या तासाने त्यांना आलटून पालटून काम करावे लागते, त्यामुळे दुप्पट शुल्क ऐकून बिचकू नये. शुक्रवारी सरकारी कचेऱ्या दुपारीच बंद होतात, म्हणून महत्त्वाची बैठक त्या दिवशी ठेवू नये.

आकड्यांच्या बाबतीत मात्र दुभाष्यावरही विसंबू नये. लाख-कोटींची आपली भाषा येथे सर्वांना कळेलच असे नाही. 25 लाख म्हणायचे असेल तेथे अडीच मिलियन म्हणावे. सौदी किंवा इजिप्तच्या कागदांवर अरबी अंक असतील, तर त्यांतील पाच आपल्या शून्यासारखा गोल दिसतो आणि शून्य हा नुसता ठिपका असतो. म्हणून प्रत्येक रक्कम मोठ्याने वाचून घ्यावी, अक्षरी लिहून घ्यावी आणि मगच सही करावी.