उद्दिष्टांचं पान नंतर वाचा

सरकारनं सामाजिक संस्थांना सेवांची कंत्राटं द्यायची आणि ती सांभाळायची, या कामात मी उलट्या बाजूनं आले. आधी पाच वर्षं एका सामाजिक संस्थेत बसून सरकारी निविदा भरल्या, मग संस्थांना काम देणाऱ्या विभागात करार सांभाळायला लागले. पहिली नोकरी कुठे करावी असं नवे लोक विचारतात. संस्थेत करा. महिना संपतो, देयक अडकलेलं असतं आणि पगार करायचे असतात; तो अनुभव विभागात बसून येत नाही.

निविदा हातात आली की सगळे आधी उद्दिष्टांचं पान वाचतात. सन्मान, सक्षमीकरण, काय हवं ते तिथं असतं. तुम्ही सरळ पैसे कशाचे मिळणार ते कलम काढा. हेतू एक आणि पैसे दुसऱ्याच गोष्टीचे असले, तर वर्षभरात ती दुसरी गोष्टच तेवढी उरते. त्यासाठी संस्था लबाड असावी लागत नाही.

माझ्याकडचा पहिला करार घरगुती हिंसाचार सोसलेल्या बायकांच्या समुपदेशनाचा होता. पैसे दर सत्रामागे, आणि सत्र म्हणजे किमान ४५ मिनिटं. पहिल्याच भेटीत नोंदवही उघडली, तर पानंच्या पानं ४५, ४५, ४५. एकही ३० नाही, एकही ७० नाही. समुपदेशक शांतपणे म्हणाली, "मॅडम, परवा एक बाई दहा मिनिटं बसली, नवऱ्याचा फोन आला तशी उठून गेली. ती दहा मिनिटं कुठे लिहू?" त्यांना रकानाच नव्हता. दुसरी एक दीड तास रडत बसली होती, ती वहीत दोन तारखांना विभागून दिसत होती. खोटी नोंद? खोटीच. पण ती लिहायला आमच्याच फॉर्मनं लावलं होतं. पुढच्या करारात केंद्र चालू ठेवण्याची ठरावीक मासिक रक्कम आणि उरलेले पैसे आलेल्या बायकांच्या संख्येवर, अशी विभागणी केली. वित्त शाखेनं चार महिने फाइल फिरवली, ते वेगळंच.

मग कोणीतरी हुशारीनं सुचवतं की निष्पत्तीवरच पैसे द्या. ब्रिटननं २०११ मध्ये 'वर्क प्रोग्राम' काढला तो याच विचारानं: बेरोजगाराला काम मिळून ते काही महिने टिकलं, की कंत्राटदाराला बहुतेक रक्कम. अवघड गटांसाठी दर चढे ठेवले होते. तरीही सोपी माणसं आधी उचलली जातात आणि अवघड माणसं तशीच पडून राहतात, ही तक्रार काही थांबली नाही. या धंद्यात त्याला 'क्रीमिंग' आणि 'पार्किंग' म्हणतात. साय काढून घ्यायची, उरलेलं बाजूला लावून ठेवायचं. शिवाय निकाल दिसेपर्यंत पदरचा खर्च करायचा, म्हणजे खेळतं भांडवल हवं. ते मोठ्यांकडे असतं. छोट्या संस्था मग त्यांच्या हाताखाली पोटकंत्राटदार होतात.

तुम्ही संस्थेच्या बाजूला असाल तर निविदापूर्व बैठकीत दोन प्रश्न विचाराच: देयक मंजूर झाल्यावर किती दिवसांत पैसे, आणि उशीर झाला तर व्याज कोण देणार? उत्तर गुळमुळीत आलं, तर तीन महिन्यांचे पगार बाजूला असल्याशिवाय सही करू नका. विभागाच्या बाजूला असाल तर करार संपतानाचं कलम स्वतः लिहा. ते कोणालाच आवडत नाही, म्हणून जुन्या करारातून तसंच उचललं जातं.

मीही उचललं होतं. फेरनिविदेत संस्था बदलली. समुपदेशक तीच राहिली, फक्त गळ्यात नव्या संस्थेचं ओळखपत्र आलं आणि नोकरीची वर्षं पुन्हा शून्यापासून मोजली जाऊ लागली. बायकांच्या फाइली जुन्या संस्थेच्या कपाटात. त्या कोणाच्या मालकीच्या, हे करारात कुठेच नव्हतं. दोन महिने ती त्याच बायकांना तेच प्रश्न पहिल्यापासून विचारत होती.