पीट दलदल सावरते आहे का, हे कसे ओळखावे
पीट म्हणजे पाणथळ जागी अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा साचलेला थर. उत्तर स्कॉटलंडमधील फ्लो कंट्री या विस्तीर्ण दलदली प्रदेशात १९८० च्या दशकात लावलेली सूचिपर्णी झाडे तोडून आणि पाणी काढून टाकणारे चर बुजवून सावरल्या जाणाऱ्या पीट दलदलींची प्रगती तपासताना केवळ हिरवळ पाहून समाधान मानू नये. कापूसगवत लवकर पसरते, पीट घडवणारे स्फॅग्नम शेवाळ मात्र सावकाश येते. त्यामुळे छिद्रे पाडलेली प्लास्टिकची नळी पीटमध्ये उभी रोवून तिच्यातील पाण्याची पातळी वर्षभर, विशेषतः तिथल्या उन्हाळ्याच्या अखेरीस, नोंदवावी. ती पृष्ठभागापासून साधारण १० सेंटिमीटरच्या आत टिकत असेल, तर लक्षण चांगले. मोजताना फळीवर उभे राहावे, कारण पायाच्या दाबाने पीट खचते आणि आकडा फसवा येतो. तुलनेसाठी जवळच्या अबाधित दलदलीतही एक नळी हवीच.