दसऱ्याचा फोटो, दिवाळीचं कार्ड

आमच्या चिपळूणच्या आत्याकडे स्मार्टफोन नाही, आणि घ्यायचा तिचा विचारही नाही. "मला हातात धरता येईल असं काहीतरी पाठव," असं तिनं सहा वर्षांपूर्वी सुनावलं. तेव्हापासून दर दिवाळीला मी घरच्या फोटोची तीसेक कार्डं हातानं करते. डोंबिवलीतलं दोन खोल्यांचं घर, जेवणाचं टेबल आणि नोकरीवरून आल्यावरच्या दोन संध्याकाळी एवढ्यात हे काम बसतं.

दिवाळीचा फोटो दिवाळीतच काढायचं ठरवलंत तर कार्ड तुळशीच्या लग्नाला पोचेल. म्हणून फोटो दसऱ्याला काढायचा. सगळे आयतेच नवे कपडे घालून असतात, दाराला झेंडूचं तोरण असतं, आणि तिथून वसुबारसेपर्यंत सतराएक दिवस हातात राहतात. आमच्या दाराबाहेरचा पॅसेज अंधारा आहे, म्हणून मी सगळ्यांना गॅलरीच्या दाराकडे तोंड करून बसवते आणि आपण उजेडाकडे पाठ करून उभी राहते. फ्लॅश बंद. मलाही फोटोत यायचं असतं, तेव्हा मोबाइल लाडवाच्या डब्याला टेकवून टायमर लावते. दहा-बारा तरी काढा. तोंडं करून बसलेला फोटो कुणालाच आवडत नाही. आमच्याकडचा आजवरचा सगळ्यात चांगला फोटो म्हणजे धाकटा आजोबांच्या खिशात आपट्याची पानं कोंबतोय तो. कॅमेऱ्याकडे एकही जण बघत नाहीये.

आता माझी पहिल्या वर्षीची फजिती ऐका. फोन फोटो काढतो चारास तीन या मापात, आणि लॅबमधला सहा बाय चार इंची प्रिंट असतो तिनास दोन. म्हणजे लॅबवाला वरून-खालून काहीतरी कापणारच. त्यानं सासऱ्यांची गांधीटोपी कापली. तीस प्रिंटमध्ये तीस वेळा. तेव्हापासून फोटो काढतानाच डोक्यावर वीतभर भिंत मोकळी सोडते, आणि नंतर फोनवरच तिनास दोनमध्ये कापून मगच लॅबला देते. दुसरी चूक व्हॉट्सॲपची. तिथून साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो. छापल्यावर चेहरे उकडलेल्या बटाट्यासारखे दिसतात. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कापून झाल्यावर फोटो निदान 1800 बाय 1200 पिक्सेल उरला पाहिजे, तरच प्रिंट स्वच्छ येतो. फिनिश मॅट, म्हणजे बिनचकाकीचं, मागा. ग्लॉसीवर बोटांचे ठसे उठतात, आणि फराळाच्या दिवसांत कुणाच्या बोटांना तूप नसतं?

कार्डासाठी ए-फोर मापाचा जाड कार्डशीट घ्या, 250 ते 300 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). पांढराशुभ्र नको, सायीच्या रंगाचा छान दिसतो. एका शीटचे आडवे दोन तुकडे करा, प्रत्येक तुकडा मधोमध दुमडा, की साधारण साडेदहा बाय पावणेपंधरा सेंटिमीटरचं कार्ड होतं. तीस कार्डांना पंधरा शीट; दोन जास्तीचे घ्या.

घडी मात्र नुसती हातानं घालू नका, जाड कागद भेगाळतो. संपलेलं बॉलपेनचं रिफिल शोधा. आमच्याकडे ड्रॉवरभर आहेत, टाकवत नाहीत. स्टीलची पट्टी घडीच्या रेघेवर घट्ट धरायची, रिफिलचं टोक तिच्या कडेनं दाबून दोनदा ओढायचं. शाई उमटत नाही, बारीक खाच पडते. प्रेसवाले याला क्रीज म्हणतात. ती खाच कार्डाच्या बाहेरच्या अंगाला राहील अशी घडी घाला आणि वरून चमच्याची पाठ फिरवा. रिफिल खरंच संपलंय ना ते आधी रद्दीवर ओढून बघा. एकदा माझ्या चार कार्डांच्या घडीवर निळी रेघ आली.

आता गंमत अशी की चार बाय सहाचा फोटो या कार्डापेक्षा लांबीला चार मिलिमीटर मोठा भरतो. म्हणून तो नऊ बाय साडेतेरा सेंटिमीटर कापायचा. चारी बाजूंनी बोटाच्या नखाएवढी चौकट सुटते. कात्रीनं रेघ वाकडी जाते, कटर आणि पट्टीच वापरा, खाली जुनी पाटी किंवा जाड पुठ्ठा ठेवा. चिकटवायला पातळ गोंद किंवा फेव्हिकॉल नको. पाणी धरून फोटो पापडासारखा वर येतो. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप चार कडांना लावा, एक पट्टी मध्ये.

सजावट कमीत कमी. कंदिलाच्या कागदाचे उरलेले तुकडे असतातच. त्यातून अंगठ्याएवढा चौकोन आणि चार झिरमिळ्या कापून एका कोपऱ्यात लावते, झाला कंदील. टिकल्या, कुंदन, आरसे लावू नका. पाकिटात दाबून फोटोवर वळ उठतात.

आतलं लिहिणं हे खरं काम. "दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा" छापील कार्डावरही असतं. त्याखाली यंदाच्या घरच्या दोन ओळी स्वतःच्या अक्षरात लिहा. गेल्या वर्षी मी लिहिलं होतं, "धाकटा सायकल शिकला. गुडघे फुटले, सायकल शाबूत आहे." आत्यानं ते शेजारच्या चार घरांत वाचून दाखवलं म्हणे. पाठीमागे पेन्सिलीनं वर्ष आणि डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं. नाहीतर "ती कोपऱ्यातली कोण गं?" असा फोन येतो, आणि ती कोपऱ्यातली मीच असते.

ज्या घरी वर्षभरात कुणी गेलंय, तिथे त्यांची दिवाळी नसते. त्यांच्यासाठी मी दोन-तीन कार्डं कंदिलाविना ठेवते, शुभेच्छा लिहीत नाही. "आठवण येते, दिवाळी झाली की येऊन जाते," एवढंच.

पाकीट कार्डापेक्षा बोटभर मोठं घ्या, म्हणजे कोपरे मुडपत नाहीत. माझं पाकीट, कार्ड, फोटो मिळून सोळा-सतरा ग्रॅम भरतं, म्हणजे साध्या टपालाच्या वीस ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात बसतं. तरी एक भरलेलं पाकीट खिडकीवर वजन करून घ्या आणि मगच बाकीची तिकिटं चिकटवा. पिनकोड नीट लिहा. वसुबारसेच्या निदान दहा दिवस आधी पेटीत टाका.

आणि एक कार्ड स्वतःच्याच पत्त्यावर पाठवा. आपलं आलं की बाकीच्यांची आली असतील असा अंदाज येतो. गेल्या वर्षी माझं मला भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी मिळालं. चिपळूणचं तोवर आठवडाभर देवघराच्या फळीवर उभं होतं.