मराठी वेबफॉन्ट छाटताना या चुका टाळा

नेटवर्कची एकच काडी असलेल्या वाडीवर पान उघडायचं असेल, तर पानासोबत उतरणाऱ्या फॉन्टची, म्हणजे वेबफॉन्टची, फाइल हलकी हवीच. त्यासाठी न लागणारी अक्षरं काढायची, इथपर्यंत बरोबर आहे. पण कात्री चालते ती नेमकी मराठी अक्षरांवर, आणि खरं ओझं तसंच राहतं: विस्तारित लॅटिन, कुणी न वापरलेले जाड-बारीक प्रकार, हिंटिंग (कमी ठिपक्यांच्या स्क्रीनवर अक्षर स्पष्ट दिसण्यासाठीच्या सूचना), आणि डब्ल्यूओएफएफ-२ हे वेबसाठीचं दाबलेलं रूप न करता तशीच चढवलेली टीटीएफ, म्हणजे मूळ फॉन्ट-फाइल.

आजच्या मजकुरावरून अक्षरांची यादी काढणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. एखाद्या आडत दुकानाचं भावाचं पान घ्या. त्यावर सोयाबीन, तूर, हरभरा, कापूस, ज्वारी, मूग, उडीद, करडई. शिवाय आवक, क्विंटल, किमान, कमाल. बनवणारा एवढाच मजकूर टेक्स्ट फाइलमध्ये भरतो, पायएफटीसबसेट या फॉन्ट छाटणाऱ्या प्रोग्रॅमला देतो. फाइल एवढीशी होते आणि सगळे खूश होतात. मग श्रावण अमावस्येच्या आदल्या दिवशी मालक पानावर सूचना टाकतो: ‘पोळ्यानिमित्त मोंढा बंद’.

त्या यादीत ळ नाही आणि ढ पण नाही. त्यामुळे ‘पो’ आपल्या फॉन्टात उमटतो आणि ‘ळ्या’ मोबाइलच्या. ‘मों’ पुन्हा आपल्या आणि ‘ढा’ परत मोबाइलच्या. शिरोरेषा वरखाली होते, एक अक्षर जाड तर एक बारीक दिसतं, जणू पाटी रंगवताना पेंटर मध्येच बदलला. चौकोन दिसत नाहीत, म्हणून कुणी तक्रारही करत नाही. पान फक्त गबाळं दिसत राहतं. बनवणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर तर सगळं ठीकच दिसतं, कारण सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) ‘लोकल’ची, म्हणजे मशीनवरचाच फॉन्ट वापर असं सांगणारी, ओळ आधी असते आणि तोच फॉन्ट त्याच्याकडे पूर्ण बसवलेला असतो. ब्राउझर छाटलेली फाइल उघडतच नाही.

यूनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीचा मूळ पट्टा ०९०० ते ०९७एफ, म्हणजे १२८ जागांचा आहे. तो अख्खा ठेवा. रोज नवा मजकूर येणाऱ्या पानासाठी त्यात निवड करूच नये, असं माझं ठाम मत आहे. फक्त लोगो किंवा एकाच ठरलेल्या मथळ्यासाठी फॉन्ट असेल, तर यादी काढायला हरकत नाही.

या पट्ट्यातून हातानं अक्षरं खोडणारेही भेटतात. ‘ञ मराठीत कुठं येतो?’ असं म्हणून तो काढतात. पण यूनिकोडमध्ये ज्ञ हे स्वतंत्र अक्षर नाही. ते ज, हलन्त आणि ञ मिळून बनतं. ञ गेला की ज्ञानेश्वर गेले, विज्ञान गेलं. ष गेला की क्ष गेला, ङ गेला की वाङ्मय. आणि ‘ऱ एकटा कधी येत नाही’ म्हणून तो काढला, तर ‘शेतकऱ्यांना’ हा शब्दच तुटतो. आपल्याकडच्या शेतीच्या पानांवर याच्याइतका वापरातला शब्द दुसरा नसेल. ऱ हा र आणि नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) असा सुटाही साठवलेला असू शकतो, म्हणून नुक्तासुद्धा ठेवायचा.

पट्ट्याबाहेरची थोडी चिन्हंही लागतात: २००सी हा न दिसणारा तोडक आणि २००डी हा न दिसणारा जोडक, २०बी९ हे रुपयाचं चिन्ह, २५सीसी हे ठिपक्यांचं वर्तुळ, वळणदार अवतरणचिन्हं, दोन्ही लांबीच्या आडव्या रेघा, आणि साधं लॅटिन ००२० ते ००७ई. काही जण ऱ्य हा र, हलन्त आणि जोडक असा टाइप करतात. तेव्हा जोडक फॉन्टातही हवा आणि सीएसएसच्या यूनिकोड-रेंजमध्येही (फाइल कोणत्या अक्षरांसाठी वापरायची ते सांगणाऱ्या ओळीत). ब्राउझर सांभाळून घेईल या भरवशावर राहू नका.

लॅटिन फॉन्टची कमांड जशीच्या तशी चिकटवणं

इंग्रजी ट्यूटोरियलमधून ‘लेआउट-फीचर्स’ला (अक्षरं कशी जुळवायची याच्या फॉन्टातल्या नियमांना) फक्त कर्न आणि लिगा दिलेली ओळ उचलायची आणि मराठी फॉन्टावर चालवायची, या घाईची फळं फार वाईट असतात. देवनागरीची जोडाक्षरं फॉन्टातल्या जीसब टेबलातून (अक्षरांचे आकार बदलायच्या नियमांच्या तक्त्यातून) होतात: रफारासाठी आरपीएचएफ, अर्ध्या अक्षरांसाठी हाफ, क्ष-ज्ञसाठी अखन, बाकीच्यांसाठी सीजेसीटी, पीआरईएस वगैरे. ती गेली की धर्माबादमधला रफार वर चढत नाही, ‘र्’ पाय मोडून म च्या आधी उभा राहतो. वेलांटी मात्र जागेवर दिसते, कारण तिला व्यंजनाच्या आधी नेण्याचं काम ब्राउझरचा शेपर (अक्षरांची जुळणी करणारा भाग) करतो. म्हणून ‘किमान’ बघून खूश होणारा फसतो. चिन्हं कुठं बसवायची ते सांगणारं जीपॉस टेबल गेलं, तर अनुस्वार आणि उकार अक्षरावरून सरकतात.

नवख्यांना एकच सांगणं: पायएफटीसबसेटला फीचर्सबद्दल काहीच सांगू नका. तो मुळातच भारतीय लिपींना लागणारी फीचर्स ठेवतो, आणि दिलेल्या अक्षरांपासून होणारी जोडाक्षरं स्वतः शोधून घेतो. सगळंच ठेवायला तारा (*) देणं हे दुसरं टोक. त्यानं शैलीबदलाचे जादा ग्लिफही (अक्षरांचे आकार) आत येतात. मी देतो ते एवढंच: मूळ टीटीएफ, यूनिकोडची यादी, फ्लेवर (फाइलचा प्रकार) डब्ल्यूओएफएफ-२, आउटपुट फाइल, आणि मोबाइलचा वाचक जास्त असेल तर नो-हिंटिंग. ब्रॉटली ही फाइल दाबणारी लायब्ररी आधी इन्स्टॉल करा, नाहीतर डब्ल्यूओएफएफ-२ बनणार नाही. लेआउट टेबलं ठेवली की टाकली हे न सांगणाऱ्या ऑनलाइन कन्व्हर्टरकडे मराठी फॉन्ट देऊ नये.

थोडक्यात

स्वर एका फाइलमध्ये, व्यंजनं दुसऱ्या फाइलमध्ये असं करू नका. दोन फॉन्टांच्या मध्ये जोडाक्षर होत नाही. लॅटिन खुशाल वेगळं काढा.

एचटीएमएलमध्ये भाषा ‘एमआर’ लिहा. नाहीतर फॉन्टात मराठी वळणाचे ल आणि श असूनही हिंदी वळणाचे दिसतील.

श्रीलिपीचे किंवा कृतिदेवसारखे जुने फॉन्ट देवनागरी पट्ट्यानं छाटले तर हाती काही लागत नाही. त्यांची अक्षरं इंग्रजीच्या जागांवर बसलेली असतात. आधी मजकूर यूनिकोडमध्ये आणा.

व्हेरिएबल फॉन्ट (एकाच फाइलमध्ये बारीक ते जाड सगळी वजनं असलेला) असेल तर इन्स्टन्सर या अवजारानं वजनाचा पल्ला ४०० ते ७०० असा आवळा.

छाटलेली फाइल पुन्हा छाटू नका, मूळ प्रत जपा. नव्या फाइलला नवं नाव द्या, नाहीतर वाचकाच्या मोबाइलमध्ये जुनीच साठून राहील.

ओएफएल या खुल्या फॉन्टांच्या परवान्यात छाटणी म्हणजे बदल. फॉन्टाचं नाव राखीव असेल तर छाटलेल्या प्रतीला दुसरं नाव द्यावं लागतं.

तपासायला मी ही ओळ पानावर टाकतो: ‘शेतकऱ्यांना ज्ञान, क्षेत्र, श्री, हृदय, ट्रॅक्टर, ॲप, ऑनलाइन, वाङ्मय, दुःख, ऋतू, औंढा, धर्माबाद, छत्रपती, विद्यार्थी, मोंढा, पोळ्या’. ‘लोकल’ची ओळ काढून क्रोममध्ये त्या ओळीवर इन्स्पेक्ट करायचं आणि ‘कम्प्युटेड’च्या तळाशी ‘रेंडर्ड फॉन्ट्स’ बघायचं. तिथं आपल्या फॉन्टाशिवाय दुसरं एकही नाव, एका ग्लिफापुरतंसुद्धा, दिसलं तर फाइल चढवायची नाही.